दापोलीची पेटी

मोठ्या डेटा सेंटरमध्ये ‘रिमोट हँड्स’ नावाची एक सेवा विकत मिळते. आपलं मशीन तिथे, आपण दुसऱ्या शहरात. आपण निरोप धाडायचा, की अमुक रांगेतलं तमुक मशीन बंद करून पुन्हा चालू करा, पडद्यावर काय दिसतंय ते कळवा, ही केबल काढून ती लावा. तिथला माणूस ते करतो आणि वेळेच्या हिशेबाने बिल पाठवतो. घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांना ही सेवा फुकट मिळते. कुणाची आई देते, कुणाची बायको देते, कुणाच्या शेजारचे काका जिना चढून येऊन देतात. माझ्यासाठी ती आत्या देत असे.

आत्या दापोलीला आजोबांच्या घरात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. मी पुण्यात. घराण्याचे फोटो, आजोबांच्या वह्यांचे स्कॅन, माझी कामाची कागदपत्रं हे सगळं पुण्यातल्या एका मशीनवर असतं आणि त्याची एक प्रत रोज रात्री दापोलीच्या मशीनवर जाते. बॅकअपवाल्यांचा जुना दंडकच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणून मला दापोली होतीच. क्लाउडवर का ठेवत नाहीस, असं लोक विचारतात. ठेवता येतं, त्यात काही वाईट नाही. पण आपली वस्तू आपल्या घरात असावी ही माझी हौस आहे. हौसेला मोल नसतं असं म्हणतात. असतं, फक्त ते पुष्कळदा दुसऱ्याच्या खिशातून जातं.

चालू असलेल्या मशीनशी दुरून बोलायला अडचण नसते. लिनक्स असेल तर एसएसएचने आत शिरावं आणि समोर बसल्यासारखं काम करावं. पण ऑपरेटिंग सिस्टिम उठल्याशिवाय एसएसएच उठत नाही. बटण दाबल्यापासून ती उठेपर्यंतच्या मिनिट-दोन मिनिटांत मशीन फक्त समोर जोडलेल्या कीबोर्डचं ऐकतं आणि फक्त समोरच्या पडद्याशी बोलतं. आणि बिघाड नेमके तिथेच दबा धरून बसलेले असतात. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी संपते, मशीन तारीख-वार विसरतं आणि एफ-वन दाबा म्हणून अडून बसतं. लाइट अवेळी गेल्याने डिस्कवरच्या नोंदी विस्कटतात आणि आधी दुरुस्ती करा, मग पुढे जाऊ, असा हट्ट सुरू होतो. डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर पासवर्ड टाइप करायला कुणीतरी हजर लागतं. कळस म्हणजे तो सुप्रसिद्ध संदेश: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. तो लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

कोकणातला पावसाळा आणि लाइट यांचं नातं मी सांगायला नको. एका जुलैत दापोलीचं मशीन दोन दिवस गप्प होतं. ताम्हिणी उतरून माणगाव-मंडणगडवरून गेलं तर पाचेक तास लागतात, तेही घाटात दरड नसेल तर. म्हणून आत्याला फोन लावला. जुना मॉनिटर आणि कीबोर्ड माळ्यावरून काढून तिने ते पेटीला जोडले. मशीनला ती ‘पेटी’ म्हणते, आंब्याच्या पेटीला म्हणावं तसं.

“थांब, चष्मा लावते. हं. काळ्यावर पांढरं आहे सगळं. शेवटची ओळ वाचू का?”

“वाच.”

“कंस सुरू. आय, एन, आय, टी, आर, ए, एम, एफ, एस. कंस पुरा. पुढे एक रेघ लुकलुकतेय. अगं, हा शब्द आहे का काही?”

शब्द होता, आणि त्याने मला सगळं सांगितलं: मशीन अर्ध्या वाटेवर थांबलं होतं, डिस्क तपासून मागत होतं. मग मी अक्षरं सांगत गेले आणि आत्या शुद्धलेखन घातल्यासारखी लिहीत गेली. “एफ, एस, सी, के. मग जागा सोड. मग हायफन.”

“संयोगचिन्ह ना? ते कुठे असतं इथे? … सापडलं. पुढे?”

“त्याला चिकटून वाय. मग जागा. मग तिरपी रेघ.”

“तिरप्या रेघा दोन आहेत गं. डावीकडे कललेली की उजवीकडे?”

तासाभराने पेटी उठली. ते झाल्यावर आत्या म्हणाली, “झालं ना? मग आता मी चहा टाकते. सकाळपासून घेतलाच नाही.” तेव्हा साडेदहा वाजले होते. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात अजिबात नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. माझ्या हौसेचं बिल आत्याच्या चहातून वसूल होत होतं.

दापोलीचं मशीन त्या पावसाळ्यानंतर बदललं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले सर्व्हर मिळतात. कंपन्यांची ठरलेली वर्षं भरली की चांगली चालती यंत्रं मोडीत निघतात आणि आमच्यासारखे लोक त्यांच्यावर टपून असतात. तिथून एक वापरलेला सर्व्हर बोर्ड आणला. त्याच्या पाठीमागे नेटवर्कची नेहमीची दोन भोकं होती आणि त्यांच्यापासून जरा अंतर राखून, यूएसबीच्या डोक्यावर, तिसरं एक भोक होतं. मी पैसे दिले ते या तिसऱ्या भोकासाठी.

त्याच्यामागे बीएमसी असतो: बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. बोर्डावर मुख्य प्रोसेसर असतोच, पण त्याच्या जोडीला हा दुसरा, आकाराने नखाएवढा पण अख्खा कॉम्प्युटर सोल्डर करून बसवलेला असतो. बहुतेक बोर्डांवर तो ॲस्पीड या तैवानी कंपनीचा असतो. त्यांच्या एएसटी २४०० या गाजलेल्या चिपमध्ये ४०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आहे आणि त्यावर सहसा लिनक्सच चालतं. त्याचा आयपी पत्ता वेगळा, वापरकर्ते वेगळे, मेमरी वेगळी. मशीन बंद असलं तरी पिन भिंतीत आहे तोवर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक बारीक धार सोडत असतो. बीएमसी तिच्यावर जगतो. मुख्य मशीन मेलं, लटकलं, डिस्कशिवाय उघडं पडलं, तरी त्याला फरक पडत नाही.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची पडदा पाहण्याची रीत. तो कुठून चोरून बघत नाही. बोर्डावरचं ग्राफिक्स या चिपचंच असतं. पडदा रंगवणारा तोच, मग त्याला दिसणार नाही तर कुणाला दिसेल? दुसऱ्या बाजूने तो यूएसबीवर स्वतःला कीबोर्ड म्हणून, माउस म्हणून आणि सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतो. बिचाऱ्या मुख्य मशीनला वाटतं, समोर कुणीतरी बसलंय. पॉवर आणि रीसेटच्या बटणांच्या ताराही त्याच्या ताब्यात. कॉम्प्युटरपाशी हजर असणं म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब मांडला तर चारच गोष्टी निघतात: पडदा दिसणं, कळा दाबता येणं, बटण दाबता येणं, डिस्क सरकवता येणं. चारही त्याच्याकडे आहेत.

ही कल्पना जुनी आहे. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल या कंपन्यांनी १९९८ मध्ये मिळून आयपीएमआय नावाचं मानक काढलं. त्याची आजही घरोघरी (म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरोघरी) चालणारी २.० आवृत्ती २००४ची. एचपीवाले आपल्या अवताराला आयएलओ म्हणतात, डेलवाले आयड्रॅक. २०१५ पासून रेडफिश हे नवं मानक आलं आहे, ते जास्त शहाणं आहे. पण लॅमिंग्टन रोडवर त्याला पोचायला वेळ लागतो.

बोर्ड दापोलीला नेऊन बसवला, तिसऱ्या भोकात केबल लावली, आणि पुण्याला परतून पहिल्यांदा त्याचं पान उघडलं. ‘होस्ट बंद आहे’ असं एका ओळीत लिहिलेलं. खाली तापमानं, व्होल्टेज, पंख्यांच्या फेऱ्या. ‘पॉवर ऑन’वर क्लिक केलं. काही सेकंद काहीच नाही. मग काळा चौकोन उजळला, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह आलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात दोन-दोन अक्षरी कोड भराभर बदलायला लागले. सर्व्हर बोर्ड मेमरी तपासायला बराच वेळ घेतात. समोर बसलेल्या माणसाला तो कंटाळा असतो. मी मात्र तो प्रत्येक कोड बघत बसले. बायोसमध्ये शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. एसएसएचवरून वर्षानुवर्षं त्याच घरातल्या मशीनवर काम केलं होतं, पण त्याचा बायोस पुण्यातून बघायला मिळणं ही वेगळीच चैन होती.

तक्रारीही सांगायला हव्यात. जुन्या बोर्डांवर हा पडदा जावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममधून उघडतो, आणि आजचा कुठलाही ब्राउझर त्या जावाला दारात उभं करत नाही. मशीन वाचवायला निघालेला माणूस आधी स्वतःच्या लॅपटॉपवर दहा-बारा वर्षं जुनं जावा वाचवत बसतो. नव्या फर्मवेअरमध्ये हे ब्राउझरमध्येच होतं, म्हणून जुना बोर्ड घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, एचटीएमएल-फाइव्ह कन्सोल आहे का, हा विचारावा. काही ठिकाणी परवान्याची मेख असते: एचपीच्या बहुतेक सर्व्हरांत मशीन पुरतं उठल्यानंतरही पडदा दिसत राहायला हवा असेल तर आयएलओचा वरचा परवाना लागतो. आणि दुरून सीडी सरकवण्याची सोय ऐकायला जेवढी जादूची, तेवढी ती वापरायला नसते. आपल्या लॅपटॉपवरची फाइल ते मशीन थेंब थेंब वाचतं, आणि घरच्या लाइनीवरून अख्खं इन्स्टॉलेशन करायला बसलात तर रात्र सरते. छोटी बचाव-प्रतिमा ठेवावी, मोठं काही नंतर नेटवर्कवरून आणावं.

आता पंख्यांची गोष्ट. सर्व्हरचे मूळ पंखे माणसांच्या वस्तीत राहण्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून मी ते काढून मोठे, सावकाश फिरणारे पंखे बसवले. मशीन थंडगार, आवाज नाही, मी खूश होऊन पुण्याला आले. आठवड्याने आत्याचा फोन. “तुझ्या पेटीला काहीतरी होतंय. घूं करून चढते, मग गप्प बसते, परत घूं. रात्रभर तेच.”

तापमान तर ३५ अंशांच्या वर जात नव्हतं. उलगडा झाला तो बीएमसीच्या नोंदवहीत. त्याच्या मते पंख्याने अमुक फेऱ्यांच्या खाली येणं म्हणजे पंखा मेला. माझा पंखा थंडीत शहाण्यासारखा सावकाश फिरायला लागला की तो मर्यादेखाली जाई. बीएमसी घाबरून सगळ्या पंख्यांना पूर्ण जोर लावी. फेऱ्या वाढल्या की याचा जीव भांड्यात पडे. जोर कमी होई. पंखा पुन्हा मर्यादेखाली. नोंदवहीत ओळीवर ओळी: पंखा गेला, पंखा आला, पंखा गेला, पंखा आला. ‘आयपीएमआयटूल’ नावाच्या आज्ञावलीने त्या खालच्या मर्यादा आणखी खाली आणल्या आणि एका मिनिटात दापोलीत शांतता झाली. घरच्या सर्व्हरवाल्यांमध्ये हा किस्सा नसलेला माणूस विरळा. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या छोट्या कॉम्प्युटरला मोठ्याच्या नावाने निर्णय घेण्याची मुभा आहे, आणि तो ते कुणाला न विचारता घेतो.

बीएमसीचं हे स्वातंत्र्य पंख्यांपुरतं राहत नाही, म्हणून आता थोडं गंभीर. ज्याच्या हातात बीएमसी, त्याच्या हातात मशीन. तो डिस्क बदलू शकतो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने चढवू शकतो, आणि मशीनवरच्या कुठल्याही सुरक्षेला त्याचा पत्ताही लागत नाही. असं असताना या गोष्टी ज्या निष्काळजीपणे बनवल्या गेल्या, ते वाचून डोकं गरगरतं. सुपरमायक्रो कंपनीच्या बोर्डांवर वापरकर्त्याचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, डेलच्या बोर्डांवर ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’, हे जगजाहीर होतं. सरसकट एकच पासवर्ड द्यायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, तेव्हा कुठे सुपरमायक्रोने प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड छापलेलं लेबल चिकटवायला घेतलं. २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षा-अभ्यासकाने आयपीएमआयची लक्तरं वेशीवर टांगली होती. २.० आवृत्तीत ओळख पटवण्याची पद्धतच अशी आहे, की कुणीही वापरकर्त्याचं नाव सांगून दार ठोठावलं तर आत घेण्याआधीच यंत्र त्याच्या पासवर्डचा हॅश पुढे करतं. तो न्यावा आणि सावकाश फोडत बसावा. ही चूक एखाद्या कंपनीची नाही, मानकातच आहे. त्यामुळे दुरुस्त करायलाही जागा नाही. शिवाय ‘सायफर झीरो’ नावाची एक सोय: ती चालू राहिलेली असेल तर पासवर्ड काहीही दिला तरी चालतो. आयएलओ ४ मध्ये २०१७ साली दुरुस्त झालेली चूक तर विनोदी म्हणावी अशी होती. वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं, की पासवर्ड न विचारता दार उघडे.

म्हणून पहिला नियम: हे तिसरं भोक इंटरनेटकडे तोंड करून कधीही उघडू नये. राउटरमध्ये त्याच्यासाठी पोर्ट मोकळं करू नये, ‘दोनच दिवस’ म्हणूनही नाही. पासवर्ड कितीही लांब असो. आणि केबल कुठे लावली आहे याकडे लक्ष ठेवावं, कारण बऱ्याच बोर्डांचा स्वभाव असा, की स्वतंत्र भोकातली केबल निघाली तर बीएमसी गुपचूप मशीनच्या मुख्य भोकातून बोलायला लागतो. मालकाला वाटतं तो बंद आहे. तो घरच्या नेटवर्कवर पाहुण्यांच्या फोनांशेजारी बसलेला असतो. सेटिंगमध्ये ‘फेलओव्हर’ असं लिहिलेलं असतं, ते ‘डेडिकेटेड’ करून टाकावं.

मग पुण्याहून पोचायचं कसं? व्हीपीएनने. इथे एक गंमत असते. घरचा सर्व्हर चोवीस तास चालू, मग व्हीपीएनही त्याच्यावरच चालवू, असं सगळ्यांना सुचतं. म्हणजे सर्व्हर पडला की त्याला उठवणाऱ्या यंत्राकडे जाणारा रस्ताही त्याच्याबरोबर पडला: किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. तो रस्ता सर्व्हरच्या बाहेरच असला पाहिजे. दापोलीत तो राउटरवर आहे, वायरगार्डचा. तिकडच्या फायबरवाल्याकडून सार्वजनिक आयपी मिळत नाही, बाहेरून कुणी थेट आत येऊ शकत नाही. म्हणून दापोलीचा राउटरच पुण्याला हाक मारतो आणि वाट उघडी धरून ठेवतो. पुण्याच्या बाजूला मी पैसे भरून स्थिर आयपी घेतला आहे. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर. हे सगळं जमेपर्यंत बीएमसी म्हणजे नुसता लुकलुकणारा हिरवा दिवा.

त्या दिव्यावरून आठवलं. आत्या रात्री झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरते. तिचं म्हणणं, “पेटी बंद आहे म्हणतेस, मग हा दिवा कसला लुकलुकतोय? वीज जातेच ना?” जाते. बोर्ड बंद असतानाही साधारण ५ वॉट गृहीत धरले तर वर्षाचे ४४ युनिट होतात. तिला आकडा सांगितला. “म्हणजे फुकट नाही,” एवढंच ती म्हणाली.

ज्यांच्याकडे साधं डेस्कटॉप मशीन आहे, त्यांना बीएमसी नंतर सहसा बसवता येत नाही. त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत वेगळी वाट झाली आहे. रशियन प्रोग्रॅमर मॅक्सिम देवाएव यांनी सुरू केलेला पायकेव्हीएम हा प्रकल्प रास्पबेरी पायला हेच काम शिकवतो: एका बाजूने एचडीएमआयचं चित्र टिपायचं, दुसऱ्या बाजूने यूएसबीवर कीबोर्ड-माउस-डिस्क म्हणून मिरवायचं, आणि चार-सहा तारांनी कॅबिनेटच्या पॉवर-रीसेट बटणांशी जोडून घ्यायचं. पुण्यातल्या मशीनला मी हाच लावला; तारा तपकीर गल्लीतून आणल्या. यात डिस्कची प्रतिमा पायच्या कार्डावरच ठेवता येते, त्यामुळे वर म्हटलेलं थेंब थेंब वाचन टळतं. आणि मुख्य म्हणजे त्याचा कोड वाचायला उघडा आहे, दुरुस्त्या येत राहतात. बीएमसीसाठीही ओपनबीएमसी हा मुक्त प्रकल्प आहे, २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनकडे. पण तो मोठ्या डेटा सेंटरांच्या उपयोगाचा, आपल्या जुन्या बोर्डाला तो सहसा चढत नाही. जुन्या बोर्डाला कंपनीकडून दुरुस्त्या येणंही बंद झालेलं असतं.

अलीकडे जेटकेव्हीएम, नॅनोकेव्हीएम अशी काडेपेटीएवढी स्वस्त यंत्रंही निघाली आहेत. स्वस्त आहेत, चालतातही. मात्र नॅनोकेव्हीएमच्या एका प्रकारात मायक्रोफोन निघाला, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. खुलासा साधा होता: ज्या तयार बोर्डावर ते बांधलं त्यावर मायक्रोफोन आधीपासूनच होता. मला तो खुलासा खरा वाटतो, आणि पुरेसा वाटत नाही. आपली वस्तू आपल्या हातात राहावी म्हणून सर्व्हर घरी आणायचा, आणि त्याच्या उशाशी असं काहीतरी बसवायचं ज्याच्या पोटात काय आहे ते मालकालाच माहीत नाही, यात विसंगती आहे. ती मला पुरती सोडवता आलेली नाही. माझा तोडगा संशयाचा आहे: दापोलीच्या बीएमसीला राउटरने इंटरनेटवर जायला पूर्ण बंदी आहे. तो माझ्याशी बोलू शकतो, बाहेरच्या कुणाशी नाही.

आणि हात पोचत नाहीत अशा जागा उरतातच. सैल झालेली साटा केबल दुरून घट्ट करता येत नाही. मेमरीची पट्टी काढून पुसून परत बसवता येत नाही. दमटपणाने हिरवट पडलेला जोड दिसत नाही, जळका वास येत नाही, पॉवर सप्लायमध्ये शिरलेली पाल बीएमसीच्या कुठल्याच सेन्सरला कळत नाही. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की आत्या घरातल्या सगळ्या पिना उपसून ठेवते. तेव्हा पेटी, बीएमसी, राउटर सगळंच अंधारात जातं. ती बरोबर करते, आणि मी तिला कधीही ‘पेटीची राहू दे’ म्हटलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. अशा वेळी ५ व्होल्टची ती बारीक धार कुठून येणार? तेव्हा घरातल्या माणसाची खुशाली विचारावी; मशीनचं मागाहून बघता येतं.

एवढं असूनही माझा निकाल बीएमसीच्या बाजूने आहे. दोन शहरांत मशीन ठेवणाऱ्याने तो घ्यावाच, आणि स्वतःच्या सोयीपेक्षा तिथे राहणाऱ्या माणसासाठी घ्यावा. नवा बोर्ड बसवल्यानंतरच्या पावसाळ्यांत पेटी अनेकदा अडली. बॅटरी संपली, एकदा अपडेटनंतर कर्नल उठेना, एकदा डिस्कने पुन्हा तोच कंसातला शब्द दाखवला. सगळं पुण्यातून निस्तरलं. आत्याचं काम आता एकच उरलं आहे: विजा चमकत नसतील तेव्हा भिंतीवरचं ते बटण बंद न करणं. तेवढं ती, थोडं नाखुशीने, करते.

मात्र यातलं काही विकत घेण्याआधी एक फुकटचं काम करा. बायोसमध्ये जा आणि ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम नावाची ओळ शोधा. डेस्कटॉप बोर्डांत ती बहुधा ‘पॉवर ऑफ’वर असते, म्हणजे लाइट गेली की मशीन बंद, आणि आल्यावरही बंदच. ती ‘पॉवर ऑन’ करा. तिथेच ‘कीबोर्ड नसेल तर थांबा’ अशी ओळ दिसली तर तीही बंद करा. यूपीएस असेल तर एक खाच लक्षात ठेवा: बॅटरी संपत आली म्हणून मशीन शहाण्यासारखं स्वतः बंद झालं आणि यूपीएस पुरता बसण्याआधीच लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते, आणि ते उठत नाही. तिथे बीएमसी किंवा पायकेव्हीएम लागतो. बाकी निम्म्याअधिक वेळा त्या एका ओळीवर भागतं. ती बदलायला पाच मिनिटं लागतात. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा बदलून या.